जुना लॅपटॉप बंद पडायच्या आत लायसन्स सोडवून घ्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. २०१४ साली घेतलेला लॅपटॉप, त्यावर विंडोज ७. बिजागरी तुटलीय, पंखा घरघरतो, मधूनच निळा स्क्रीन येतो. त्यावर हिशेबाचं टॅली ईआरपी ९, ऑफिस २०१३, डिझाइनचं कोरल ड्रॉ एक्स७, पानं मांडायचं पेजमेकर ७, मराठी टायपिंगची डोंगलवाली श्री-लिपी (डोंगल म्हणजे यूएसबीला लावायची किल्ली, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालतं), क्विक हील अँटीव्हायरस आणि रिटर्न भरायची डिजिटल सही. सगळं पैसे मोजून घेतलेलं, पण निम्म्या सीडी आणि बिलं सापडत नाहीत. या महिन्यात विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घ्यायचाय. मेहुणे म्हणतात, प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर उचलून नव्यात टाका. दुकानदार म्हणतो, डिस्क क्लोन करून, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्यावर टाकून देतो, आणि अडलंच तर 'आमच्याकडचं टाकून देतो'. पुन्हा खरेदी न करता हे सगळं नव्यावर न्यायचं कसं?

मी छपाईवाले, डीटीपीवाले (संगणकावर छपाईची पानं लावणारे) आणि छोट्या अकाउंट ऑफिसांची मशीन सांभाळतो, त्यामुळे तुमच्यासारखी यादी माझ्याकडे वरचेवर येते. पहिली गोष्ट अशी की सॉफ्टवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर 'न्यायचं' नसतंच. ते नव्यावर नव्यानं बसवायचं असतं. न्यायच्या असतात त्या तीन गोष्टी: वापरायचा हक्क म्हणजे लायसन्स, तुमचा डेटा, आणि इतक्या वर्षांत बसवलेली सेटिंग्ज. लोक सगळा जीव डेटावर टाकतात. पण लॅपटॉप उद्या मेला तरी डिस्क बाहेर काढून, फार महाग नसलेली यूएसबी केस लावून डेटा बहुतेक वेळा निघतो. लायसन्सचं तसं नाही. काही लायसन्स जुन्या मशीनवर ते सॉफ्टवेअर उघडूनच सोडवावी लागतात, आणि त्यासाठी ते मशीन जिवंत, इंटरनेटला जोडलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. तुमचा लॅपटॉप आत्ता धडपडत का होईना चालतोय, तोवर हे काम उरका. (डेटाचा बॅकअप अर्थातच आज रात्रीच घ्या. निळा स्क्रीन दाखवणाऱ्या डिस्कवर भरवसा ठेवू नका.)

मेहुण्यांची युक्ती का चालत नाही, तेही सांगतो. सॉफ्टवेअर बसवताना फक्त एक फोल्डर तयार होत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदवहीत, शेकडो नोंदी जातात, सिस्टीमच्या फोल्डरात फाइली जातात, प्रोग्रॅमडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात काही साठतं, काहींच्या पडद्यामागच्या सेवा आणि ड्रायव्हर (विंडोजला एखादं उपकरण ओळखायला लावणारे छोटे प्रोग्रॅम) सुरू होतात. फोल्डर उचलून नेलं की यातला एकच तुकडा पोचतो. वर लायसन्सची नोंद बऱ्याचदा मशीनच्या ओळखीशी बांधलेली असते: मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक मिळून एक ठसा तयार होतो. मशीन बदललं की ठसा जुळत नाही आणि सॉफ्टवेअर पुन्हा ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीकडून इंटरनेटवर मंजुरी, मागतं. दुकानदाराच्या क्लोनिंगलाही हीच अडचण आहे. शिवाय विंडोज ७ मध्ये आजच्या एनव्हीएमई डिस्कचे आणि यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळातच नाहीत, त्यामुळे तो क्लोन नव्या लॅपटॉपवर सुरू होण्याचीच शक्यता कमी. झालाच तरी १४ जानेवारी २०२० नंतर ज्याला सुरक्षा अपडेट मिळणं बंद झालं, ते विंडोज नव्या लॅपटॉपवर चालवण्यात अर्थ नाही. जुन्या विंडोजचं लायसन्स न्यायचा विचारही सोडा. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या लॅपटॉपचंच असतं, आणि नव्याबरोबर नवं येतंय.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे एकच प्रश्न लिहायचा: याचं लायसन्स राहतं कुठं? माझ्या अनुभवात चार जागा निघतात. काहींचं मशीनमध्ये राहतं, काहींचं डोंगलमध्ये, काहींचं कंपनीकडच्या तुमच्या ऑनलाइन खात्यात, आणि काहींचं नुसतं कागदावरच्या सीरियल नंबरात. मशीनमध्ये राहणारं जे असतं ते गॅसच्या कनेक्शनसारखं: जुन्या पत्त्यावर सरेंडर केलं, कागद हातात आला, की नव्या पत्त्यावर मिळतं. तुमच्या यादीत चारही प्रकार आहेत, म्हणून उत्तर लांबणार.

त्याआधी नव्या लॅपटॉपबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही अजून घेतलेला नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप २०२४ पासून बाजारात बरेच दिसतात. बॅटरी छान चालते, वजन कमी. पण तुमच्या कामाला घेऊ नका. त्यांच्यावर साधी जुनी सॉफ्टवेअर भाषांतर करून चालतात, ड्रायव्हर मात्र त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. तुमच्या डोंगलचा किंवा सहीच्या टोकनचा (डिजिटल सही ज्यात असते त्या यूएसबी कांडीचा) तसा ड्रायव्हर नसेल तर सॉफ्टवेअर बसेल आणि डोंगल दिसणारच नाही. इंटेल किंवा एएमडी घ्या. स्वस्त लॅपटॉपवर कधी कधी विंडोज 'एस मोड'मध्ये येतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही. तुम्हाला परत जायचं कारणही नाही. आणि चौकोनी यूएसबी पोर्ट किमान दोन आहेत का, हे दुकानातच मोजा. डोंगल आणि सहीचं टोकन एकाच वेळी लावायची पाळी येते, आणि सडपातळ लॅपटॉपवाल्यांनी ते पोर्ट काढून टाकलेत. सीडी ड्राइव्ह तर कुठंच नसतो, त्याचं पुढे बघू.

टॅलीपासून सुरुवात करू, कारण तिथे मशीनची गरज सगळ्यात जास्त. ईआरपी ९ मध्ये गेटवे ऑफ टॅली या मुख्य स्क्रीनवरून एफ१२, मग लायसन्सिंग, मग सरेंडर लायसन्स. टॅली प्राइम या नव्या आवृत्तीवाल्यांना हेच एफ१ मदतीच्या यादीतून सेटिंग्ज आणि लायसन्समध्ये मिळेल. सरेंडर करताना खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लागतो, आणि नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट करताना अनलॉक की त्याच ईमेलवर येते. अडकतं ते इथंच. टॅली घेताना विकणाऱ्याच्या पोरानं स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, किंवा आधीच्या अकाउंटंटचा. तो माणूस आता कुठं आहे कोणाला ठाऊक. म्हणून सरेंडरचं बटण दाबण्याआधी लायसन्सच्या माहितीत सीरियल नंबर आणि नोंदलेला ईमेल बघा. ईमेल तुमचा नसेल तर आधी खरेदीचं बिल दाखवून, टॅलीच्या मदत केंद्राकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून तो बदलून घ्या, आणि मगच सरेंडर करा. आधी सरेंडर करून मग ईमेल शोधत बसलात तर मधले दिवस टॅली कुठंच चालणार नाही. आणि ते दिवस नेमके रिटर्नचे निघतात.

तुमचं टीएसएस, म्हणजे वार्षिक सेवेचं नूतनीकरण, चालू आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर काही गोष्टी ठरतात. टॅलीचं मूळ लायसन्स कायमचं असतं. टीएसएस संपलं म्हणून ते जात नाही, फक्त त्यानंतर आलेल्या आवृत्त्या मिळत नाहीत. चालू असेल तर नव्या लॅपटॉपवर सरळ टॅली प्राइम बसवा, जुनी माणसं सुरुवातीला कुरकुरतात पण आठवड्यात हात बसतो. संपलेलं असेल आणि जीएसटीचं काम तुम्ही टॅलीतूनच करत असाल, तर नूतनीकरणाचे पैसे मी तरी खर्च करीन, कारण कायदा बदलत राहतो आणि जुनी आवृत्ती त्याच्या मागे पडते.

टॅलीचा डेटा काढताना दोन प्रकारे काढा: एकदा टॅलीतल्या बॅकअपनं, आणि एकदा टॅली बंद करून डेटा फोल्डरची सरळ प्रत करून. त्या फोल्डरात १००००, १०००१ अशा नावांची फोल्डरं असतात, एकेक म्हणजे एकेक कंपनी. टॅली नक्की कुठला डेटा उघडतेय तो मार्ग कंपनी निवडायच्या स्क्रीनवर दिसतो, तो लिहून घ्या; एकाच लॅपटॉपवर तीन ठिकाणी तीन वर्षांचा डेटा निघालेला मी पाहिलाय. बिलाचा खास नमुना कोणी बनवून दिला असेल तर त्याची टीडीएल किंवा टीसीपी नावाची छोटी जोडफाइल वेगळी असते, तीही घ्या. यातल्या काही तुमच्या सीरियल नंबरला बांधलेल्या असतात, त्यामुळे तोच नंबर नव्या मशीनवर गेला की चालतात. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो लक्षात असल्याची खात्री करा. तो विसरला तर त्या डेटाला दुसरी किल्ली नाही.

ऑफिस २०१३ बद्दल ठाम उत्तर मी देऊ शकत नाही, कारण ते लॅपटॉपबरोबर आलं होतं की वेगळा डबा घेतला होता यावर सगळं अवलंबून आहे. लॅपटॉपबरोबर आलेलं, म्हणजे ओईएम, त्याच लॅपटॉपबरोबर संपतं. वेगळं घेतलेलं रिटेल असेल तर नेता येतं. गंमत म्हणजे ऑफिस २०१३ बाजारात आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं रिटेलही एकाच मशीनला बांधून टाकलं होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मार्च २०१३ मध्ये नियम बदलला, आणि दर ९० दिवसांत एकदा दुसऱ्या मशीनवर न्यायला परवानगी दिली. तुमच्याकडे काय आहे ते कळायला ऑफिसच्या फोल्डरात ओएसपीपी नावाची एक छोटी स्क्रिप्ट असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत ती 'डीस्टेटस' या पर्यायासह चालवली की लायसन्सच्या नावात रिटेल की ओईएम ते दिसतं, आणि कीची शेवटची पाच अक्षरंही. पाचच, पूर्ण की नाही. पूर्ण की डब्यातल्या कार्डावर असते. ते कार्ड हरवलं असलं तरी ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा ऑफिस सुरू केलं होतं त्या खात्यात खरेदीची नोंद असायला हवी. तेव्हाचा ईमेल आठवा.

हे सगळं करून ऑफिस २०१३ मिळालं तरी ते किती धरून ठेवायचं हा वेगळा प्रश्न. त्याचे सुरक्षा अपडेट ११ एप्रिल २०२३ ला थांबलेत. २०१६ आणि २०१९ चेही १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० च्या बरोबरच, संपले. बाहेरून ईमेलनं आलेल्या वर्ड आणि एक्सेल फाइली दिवसभर उघडणाऱ्यानं एवढं जुनं ऑफिस वापरू नये असं माझं मत आहे. पत्रं, कोटेशन आणि साधे तक्ते एवढंच असेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे, आधी ते महिनाभर वापरून बघा. नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिस येत असेल तर प्रश्नच मिटला. फक्त ते कोणत्या खात्यावर सुरू करताय ते डायरीत लिहा, दुकानदाराच्या खात्यावर करू देऊ नका.

श्री-लिपीकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळतो, कारण मराठी छपाईचं सगळं दुखणं या एका जागी साठलेलं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर असो किंवा सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम, जुन्या आवृत्त्यांचं लायसन्स डोंगलमध्ये राहतं. म्हणजे सरेंडर वगैरे काही नाही: डोंगल काढा, नव्याला लावा. तत्त्वानं सोपं. अडचणी तीन येतात.

पहिली ड्रायव्हरची. तुमच्या सीडीतला ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला आहे, तो विंडोज ११ वर टाकू नका. नव्या विंडोजमध्ये कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण असतं, नव्या लॅपटॉपवर ते बहुधा चालूच येतं, आणि ते जुने ड्रायव्हर सुरूच होऊ देत नाही. डोंगल लावलेला असतो, सॉफ्टवेअर म्हणतं डोंगल नाही, आणि माणूस डोंगल बिघडला म्हणून बसतो. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर आधी बसवा, मशीन बंद करून चालू करा, मग डोंगल लावा. कुणी सांगितलं म्हणून ते संरक्षण बंद करून ठेवू नका. नवा ड्रायव्हर मिळतच नसेल तर तुमची श्री-लिपीची आवृत्तीच विंडोज ११ साठी नाही असं समजा आणि कंपनीला डोंगलचा क्रमांक देऊन अपग्रेडचं विचारा. जुन्या ग्राहकाला ते नव्या खरेदीपेक्षा कमी पैशात मिळतं का, हे विचारायला लाजू नका. डोंगल मात्र जिवापाड जपा. ॲक्टिव्हेशन कंपनी पुन्हा देऊ शकते, हरवलेला डोंगल म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या लेखी हरवलेलं सॉफ्टवेअर. लॅपटॉपच्या बाजूला बाहेर आलेला डोंगल पिशवीत घालताना वाकतो, म्हणून अर्ध्या फुटाची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून ठेवा.

दुसरी अडचण फाँटची. तुमच्या जुन्या लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं यांतला मजकूर युनिकोड, म्हणजे मोबाईलवर किंवा इंटरनेटवर कुठंही वाचता येणाऱ्या प्रकारचा, नाही. श्री-लिपीच्या श्री-देव मालिकेतले, किंवा आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश यांसारखे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फाँट नसेल तर फाइल उघडते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त फाँट नसतो. जुन्या मशीनचं फाँटचं फोल्डर उचलून ठेवा, पण ज्यांचा हक्क आहे तेच बसवा, वर्षानुवर्षं पेनड्राइव्हमधून आलेले बाकीचे राहू द्या. आणि बसवताना एक खोच आहे जिच्यात चांगले जाणकार फसतात. विंडोज १० च्या २०१८ सालच्या अपडेटपासून फाँटवर नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. वर्डला तो दिसतो, पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरला दिसेलच असं नाही. उजवं बटण दाबून 'सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करा' हाच पर्याय घ्या.

तिसरी अडचण बारीक, पण पहिल्या दिवशी हीच सगळ्यात जास्त चिडवते: कळफलक. तुमच्या ऑपरेटरचा हात टायपरायटरच्या मांडणीवर बसलाय की फोनेटिकवर, त्यात कुणी काही अक्षरं इकडची तिकडं केलीत का, हे श्री-लिपीच्या सेटिंगमध्ये आहे. जुन्या मशीनवरच्या त्या सगळ्या खिडक्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पेजमेकर ७ कागदी सीरियल नंबरवर चालतं, ऑनलाइन ॲक्टिव्हेशन नाही. २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्याच्या वेळी अडोबी कंपनीनं ती भानगड सुरूच केली नव्हती. सीडी आणि नंबर असेल तर परवान्याची अडचण नाही. सीडी सापडली की जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घालून तिची आयएसओ प्रत, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच फाइल, करून ठेवा, नव्या विंडोजमध्ये ती डबल क्लिकनं उघडते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची संरक्षणासाठी बॅकअप प्रत करायला परवानगी देतं, त्यामुळे इथे मनात किंतू नको. विंडोज ११ वर पेजमेकर बऱ्याच जणांकडे चालतं, काहींकडे रुसतं. मशीनगणिक फरक पडतो आणि मी हमी देणार नाही. जुन्या विंडोजसारखं चालवणारा कम्पॅटिबिलिटी मोड लावा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, आणि एक प्रिंटर डीफॉल्ट ठेवा, नाहीतर ते पान मांडतानाच अडतं. पण नवं काम आता त्यात सुरू करू नका. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय सीएस६ पर्यंतच होती, पुढच्या आवृत्त्यांतून ती काढली. म्हणजे परतीची वाट दरवर्षी अरुंद होतेय. ज्या फाइली पुन्हा लागतील त्यांच्या जुन्या लॅपटॉपवरच पीडीएफ काढून ठेवा.

कोरल एक्स७ ला सीरियल नंबर आणि ॲक्टिव्हेशन दोन्ही लागतं. सीरियल डब्यावर नसेल तर नोंदणीच्या वेळी आलेला ईमेल शोधा, जीमेलमध्ये कोरल आणि सीरियल हे शब्द टाकून २०१४ पासूनचं सगळं चाळा. जुन्या मशीनवर साइन आउट करून, इंटरनेट चालू ठेवून अनइन्स्टॉल करा, मग नव्यावर बसवा. ॲक्टिव्हेशनची संख्या संपली असा संदेश आला तर घाबरू नका, बिल आणि सीरियल दाखवून कंपनीकडून ती मोकळी करून मागता येते. तुमची वर्कस्पेस, रंगांच्या पट्ट्या आणि मॅक्रो आधी निर्यात करून घ्या. पुढे कधी नवी आवृत्ती घेतलीत तर प्रेसला फाइल देताना त्यांच्या आवृत्तीत सेव्ह करायला विसरू नका, त्यांच्याकडे जुनीच असते.

क्विक हील सोपं: प्रॉडक्ट की लिहून घ्या, इंटरनेट चालू असताना पूर्ण अनइन्स्टॉल करा, उरलेले दिवस नव्यावर मिळतात. डिजिटल सहीला तर नेण्यासारखं काही नाहीच, प्रमाणपत्र टोकनमध्येच असतं. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलं मागतात ते सही करायचं सॉफ्टवेअर नव्यावर बसवा. टोकनचा पासवर्ड आठवत नसेल तर अंदाज लावत बसू नका, ठरावीक चुकांनंतर ते कुलूपबंद होतं.

तुमच्या यादीत नाही, पण असाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी: अडोबीच्या क्रिएटिव्ह सूटमध्ये मदतीच्या यादीत डीॲक्टिव्हेट असतं, ते आधी करायचं. सीएस२ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर कंपनीनं बंद केलेत, त्यामुळे त्या काळचं सॉफ्टवेअर चालत्या मशीनवरून उडवण्याआधी दहादा विचार करा. ऑटोकॅडचं कायमचं लायसन्स २०१६ च्या जानेवारीनंतर नव्यानं विकणंच थांबलं, म्हणून ज्याच्याकडे आहे त्यानं ते फार सांभाळून हलवावं.

दुकानदाराच्या 'आमच्याकडचं टाकून देतो' बद्दल. तुमच्याकडे पैसे देऊन घेतलेला हक्क आहे आणि दुकानदार त्यावर चोरीची प्रत बसवणार. क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम, चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर तुमची बँक आणि ग्राहकांची रिटर्न्स. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरण्याला त्याच कायद्याच्या ६३ब कलमात किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. तीनशे-चारशे रुपयांत ऑफिसची की देणाऱ्यांपासूनही दूर राहा. त्या बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा कॉलेजच्या सामूहिक लायसन्समधून फुटलेल्या असतात. मूळ मालकाकडून बंद झाली की तुमचंही बंद.

काम लावायचं कसं, तर माझा क्रम असा असतो. आधी वही घेऊन प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव, नेमकी आवृत्ती, सीरियल, नोंदलेला ईमेल आणि लायसन्स राहतं कुठं ते लिहायचं. मग डेटा दोन ठिकाणी. मग नव्यावर लायसन्स न लागणारं सगळं: ड्रायव्हर, फाँट, प्रिंटर. टॅली आधी एज्युकेशनल मोडमध्ये बसवून डेटा उघडतो का ते बघायचं, त्याला लायसन्स लागत नाही. हे जमलं की मगच सरेंडरला हात घालायचा, आणि तोही एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी च्या वेळी, टॅलीला शिवायचं नाही. एकवीस-बावीस तारीख उत्तम. नव्यावर एक खरं बिल छापा, एक जुनी लग्नपत्रिका उघडून प्रेसची पीडीएफ काढा, एका रिटर्नवर सही करून बघा. नमुन्याच्या फाइलवर सगळं चालतं, खरी फाइल अडते.

मधेच जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला तर? वहीतली पानं आणि बिलं घेऊन एकेका कंपनीशी बोलायचं. मशीन मेलंय म्हटल्यावर कंपनीच्या बाजूनं जुनं ॲक्टिव्हेशन रद्द करायची सोय बहुतेकांकडे असते, पण मालकी सिद्ध करावी लागते आणि दोन-चार दिवस जातात. बिल हरवलं असेल तर ज्या दुकानातून घेतलं त्याच्याकडे जुन्या नोंदी असू शकतात, आजच फोन करा.

सगळं नव्यावर चालायला लागलं तरी जुना लॅपटॉप लगेच विकू नका. किमान एक पूर्ण महिन्याचं रिटर्न आणि एक मोठं छपाईचं काम नव्यावरून जाऊ द्या. पेजमेकर विंडोज ११ वर रुसलं तर तो जुना लॅपटॉप तसाच पेजमेकरपुरता ठेवता येईल, मात्र त्याचं वायफाय कायम बंद, आणि फाइली पेनड्राइव्हनं, नव्या मशीनवर तपासून. बॅटरी फुगलेली दिसली तर काढून घ्या, चार्जरवर चालवा. ऑफिसच्या लायसन्सच्या ओळीत काय दिसतं आणि श्री-लिपीची आवृत्ती कोणती, एवढं कळवलंत तर त्या दोन्हींचं पुढचं नेमकं सांगता येईल.